वसईच्या किल्ल्यातल्या चर्चची छपरं कुठे गेली?

प्रश्न असा आहे: वसईच्या किल्ल्यात एवढी मोठी चर्च आहेत, पण आत उभं राहिलं की डोक्यावर आभाळच दिसतं. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या चिमाजीअप्पांच्या लढाईत ही चर्च पाडली गेली का? आणि आज पाटी नसेल तिथे कोणतं चर्च कोणत्या संघाचं, म्हणजे जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा कोणत्या धर्मगुरूंच्या पंथाचं, हे भिंतींवरून कसं ओळखायचं?

आधी पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर. छपरं गेली ती मुख्यतः शाकारणी, म्हणजे छपराची दर वर्षीची दुरुस्ती, थांबल्यामुळे. १७३९ चा वेढा भीषण होता, तोफांनी पडझड झाली, तटाला सुरुंगांनी भगदाडं पडली. पण एकूण एक चर्चचं छप्पर जावं आणि त्याच चर्चच्या वेदीवरची दगडी कमान मात्र जागच्या जागी राहावी, असं तोफगोळा करत नाही. असं पाऊस करतो. लाकूड आणि कौल होतं तिथे आज काही नाही, दगड आणि चुना होता तिथे अजून सावली आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवून किल्ल्यात फिरलं तर निम्मे अवशेष आपोआप उलगडतात.

इतिहास कामापुरता सांगतो. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अमलाखालची बेटं पोर्तुगीजांना दिली. गव्हर्नर नुनो द कुन्याच्या काळात, १५३६ च्या सुमारास, आतला छोटा किल्ला बांधायला घेतला. आपण ज्याला बालेकिल्ला म्हणतो तो हाच. बाहेरचा मोठा तट नंतरचा, बहुतेक सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचे बुरुज साधे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे पुढे काढलेले आहेत, म्हणजे एका बुरुजावरच्या तोफेला शेजारच्या बुरुजाचा पायथा झाकता यावा. बुरुजांना नावं दिली ती संतांची: सेंट सेबॅस्टियन, सेंट जॉन, सांतियागो, मादर द देऊस, रेमेदियुस. आत सुमारे ११० एकर जागा आहे. समुद्राकडचा एक दरवाजा, जमिनीकडचा एक, त्यांना जोडणारा मुख्य रस्ता, मध्ये बालेकिल्ला, आणि रस्त्याच्या आजूबाजूला मठ, चर्च, रुग्णालय, दिवाणखान्याची घरं. हे नुसतं लष्करी ठाणं नव्हतं. चौल, दमण, दीव यांच्यासह पोर्तुगीजांचा जो उत्तर प्रांत होता त्याची ही राजधानी होती. तटाच्या आत राहायचा मान मुख्यतः पोर्तुगीज सरदार घराण्यांना होता. बाकी वस्ती बाहेर, आजच्या पापडी-रमेदीच्या अंगाला.

नावांचा एक घोळ इथेच सोडवून टाकू, कारण कागदपत्रं वाचताना तो हमखास आडवा येतो. पोर्तुगीज कागदांत ‘बासाईं’, मराठी अमलात काही काळ ‘बाजीपूर’ आणि इंग्रजीत ‘बेसीन’ दिसलं तरी गाव एकच, वसई. शरणागतीच्या तारखेचाही असाच घोळ आहे. कुठे ५ मे १७३९ छापलेलं असतं, कुठे १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. एक जुन्या कॅलेंडरप्रमाणे, दुसरी नव्या. त्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं. एका कॅलेंडरची वेढ्याची तारीख आणि दुसऱ्या कॅलेंडरची तहाची तारीख एकत्र केली की वेढा उगाच लांबतो किंवा आखडतो.

आता चर्च कशी बांधली होती ते पाहू, कारण उत्तर त्यातच आहे. वसईच्या मोठ्या चर्चचा आराखडा साधा आहे: दर्शनी उंच भिंत, तिच्यामागे एक लांबट मोठं दालन, आणि दालनाच्या टोकाला त्याहून अरुंद असा वेदीचा भाग. दालन आणि वेदी यांच्यामध्ये एक मोठी कमान. काही चर्चमध्ये दालनाच्या दोन्ही अंगांना छोट्या वेद्यांच्या देवळ्या, बाजूला साक्रिस्ती, म्हणजे धर्मगुरूंची वस्त्रं आणि भांडी ठेवायची खोली. मठ असेल तर चर्चला चिकटून चौक आणि त्याभोवती कमानींच्या ओवऱ्या.

मोठ्या दालनावर लाकडी कैच्यांचं (तिकोनी सांगाड्यांचं) छप्पर आणि त्यावर कौलं. वेदीच्या भागावर, बाजूच्या देवळ्यांवर आणि पुष्कळदा साक्रिस्तीवर मात्र दगड-विटांची, चुन्यात बांधलेली अर्धगोल कमानछत. हा भेद हौसेचा नव्हता. अर्धगोल छत आपलं वजन खाली तर टाकतंच, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटतं. दालन जितकं रुंद तितका रेटा मोठा आणि तितक्याच भिंती जाड लागतात. अरुंद वेदीवर हे परवडतं. रुंद दालनावर करायचं तर बाहेरून प्रचंड पुस्त्या, म्हणजे भिंतीला टेकू देणारे जाड आधार, द्यावे लागतात. त्यापेक्षा लाकूड सोपं, आणि वसईला लाकडाची ददात नव्हती. मागे डोंगरातलं सागवान, आणि बंदरात जहाजं बांधणारे सुतार.

पण त्या छपराला एक अट होती. तेव्हाची कौलं म्हणजे नळीची, अर्धगोल. आज कोकणात दिसणारी चपटी, खाचेची मंगळुरी कौलं १८६० च्या दशकानंतरची. नळीची कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. वारा, कावळे, माकडं, फांद्या यांनी ती सरकतात. म्हणून दर वर्षी वैशाखात छपरावर चढून कौलं परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, मोडक्या रिपा काढाव्या लागतात. हीच शाकारणी. ती दोन-तीन वर्षं चुकली की काय होतं, ते कोकणात बंद पडलेल्या कुठल्याही घरात दिसतं. एक कौल सरकतं, पाणी रिपेवर पडतं, रीप कुजते, चार कौलं एकदम खाली येतात, वासा भिजतो. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. तिथे वारा लागत नाही, ओल राहते, वाळवी लागते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते आणि भिंतीच्या आत तिचा भुगा झालेला असतो. दहा-वीस पावसाळ्यांत कैची बसते आणि छप्पर खाली येतं.

याचा उलटा पुरावाही वसईतच आहे. मे १६१८ मध्ये इथे भयंकर वादळ झालं आणि मोठमोठ्या चर्च-मठांची छपरं उडाली. तरी त्यानंतर शंभर वर्षं ती चर्च नांदती होती. म्हणजे छप्पर उडणं हा शेवट नव्हता. गावात पैसा होता, सुतार होते, मठात माणसं होती. छपरं पुन्हा चढली.

१७३९ नंतर तेच झालं नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वेढा चालला. मराठ्यांनी जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे नेत सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या भागात तटाखाली सुरुंग भरले आणि तिथून आत मुसंडी मारली. खरा विध्वंस या बाजूच्या तटाचा आहे आणि तो आजही ओळखू येतो. तह झाला तो सन्मानाचा होता: पोर्तुगीज फौजेला आणि कुटुंबांना चीजवस्तू घेऊन निघून जायला मुदत मिळाली, मागे राहणाऱ्यांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली. पण धर्मगुरू गेले, सरदार घराणी गेली, मठांची उत्पन्नाची गावं गेली. चर्च उभी राहिली, त्यांची शाकारणी करणारं कुणी उरलं नाही. पुढे १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने किल्ला घेतला तेव्हा पुन्हा तोफा चालल्या. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. १८१८ नंतर इथे ना फौज ना दरबार. एकोणिसाव्या शतकात आत चक्क साखरेचा कारखाना काढून पाहिला गेला. ओसाड गावातलं सागवान आणि घडीव दगड फार काळ जागेवर राहत नाहीत. भिंतींतल्या रिकाम्या चौकटी पाहिल्या की ते कळतं.

कुणाला हे नुसतं अनुमान वाटत असेल तर दोन ठिकाणं ताडून पाहावीत. पहिलं मोटी दमण. तिथलं बॉम जेझस चर्च १६०३ चं, म्हणजे त्याच प्रांतातलं, त्याच पिढीतलं. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलं, चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे नित्याची उपासना, होत राहिली, छपराची निगा झाली; ते आजही छपरासकट उभं आहे. दुसरं ठिकाण जुन्या गोव्याच्या डोंगरावरचं सेंट ऑगस्टीन चर्च. तिथे दालनावरही प्रचंड कमानछत होतं, म्हणजे ‘दगड टिकतो’ या नियमाने ते टिकायला हवं होतं. पण १८३५ च्या सुमारास मठ बंद झाले, इमारत सोडून दिली गेली आणि १८४२ मध्ये ते छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा भाग पडला. म्हणजे दगडी छतालाही माणूस लागतो. फक्त लाकडापेक्षा ते थोडं जास्त वाट पाहतं.

आणि वसईतच तटाबाहेर चला. रमेदी, पापडी, सांडोर, माणिकपूर, नंदाखाल, आगाशी इथली चर्च त्याच काळात स्थापन झालेली, पण नांदती आहेत, कारण त्यांच्या भोवतीचा समाज, सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती, जागचा हलला नाही. पापडीचं चर्च तर १९९८ पासून वसई धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे. या इमारती अनेकदा दुरुस्त झाल्या, वाढल्या, त्यामुळे त्यांच्यातला मूळ भाग शोधायला डोळा लागतो. पण किल्ल्यातली चर्च का गेली याचं उत्तर किल्ल्याबाहेरच्या या चर्चमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतं.

आता ओळखायचं कसं. बंदराकडून, समुद्राच्या दरवाज्याने आत शिरा. इथून जवळच उंच मनोऱ्याचं जे चर्च आहे ते सेंट जोसेफ, शहराचं मुख्य चर्च. पोर्तुगीज त्याला ‘मात्रिझ’ म्हणत, कारण ते कोणत्याही संघाचं नव्हतं, थेट बिशपच्या अधिकारातलं होतं. म्हणून इथे मठाचा चौक आणि ओवऱ्या शोधू नका. स्थापना १५४६-४७ च्या सुमाराची, पण आज दिसतं ते रूप बरंचसं १६०१ च्या नूतनीकरणाचं. दारावरचा शिलालेख तेच सांगतो: आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात हे चर्च नव्याने उभारलं. मनोऱ्यातला चक्राकार जिना मोह पाडणारा आहे, पण झिजलेल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर चढू नका. मनोरा खालून, तिरक्या उन्हात जास्त कळतो.

पुढे बालेकिल्ला लागतो. त्याच्या दरवाज्यावरची कोरीव चिन्हं वेळ देऊन पाहा. कड्या-कड्यांचा पोकळ गोल म्हणजे पोर्तुगीज राजाचं खगोलयंत्राचं चिन्ह, आणि टोकांना रुंदावत जाणारा क्रूस म्हणजे ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या राजाच्या हाताखालच्या पोर्तुगीज सरदारांच्या पंथाचा. ही राजसत्तेची चिन्हं आहेत, कुठल्या संघाची नव्हेत. यांच्यावरून चर्च ठरवायला गेलं की फसगत होते.

जेझुइटांचं चर्च ओळखायला सगळ्यात सोपं. दर्शनी भिंतीवर दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचांचे जोडखांब, वर पानांनी भरलेली शीर्षं, आणि दारावर येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरं, आयएचएस. या चर्चचं नावच ‘येशूचं पवित्र नाम’. वसईत जेझुइट आले १५४८ च्या सुमारास. त्याआधी १५४४ च्या डिसेंबरात खुद्द फ्रान्सिस झेव्हियर इथे येऊन गेले होते. चर्चला लागून त्यांचं महाविद्यालय होतं, म्हणून इथले चौक आणि दालनं मठापेक्षा शाळेच्या सोयीची आहेत. वसईकर या चर्चला गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणतात. सोळाव्या शतकाच्या मध्यात वसईत पोर्तुगीज बाप आणि इथल्याच आईच्या पोटी जन्मलेले गोन्सालो जेझुइटांकडे शिकले, जपानला गेले, फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. दर फेब्रुवारीत त्यांचा सण इथे होतो. या अवशेषांशी आजच्या गावाचं नातं किती जिवंत आहे, ते पाहायचं तर त्या दिवशी जावं.

फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी हे संघांच्या चर्चमधलं अगदी आरंभीचं. दर्शनी बाजूची नक्षी जेझुइटांच्या मानाने साधी, पण आतला पसारा मोठा. बाजूच्या देवळ्या, कमानी, शेजारी मठाचा चौक. आणि पायाखाली थडग्यांचे दगड. दानशूर घराण्यांना चर्चच्या जमिनीत पुरलं जाई, त्यामुळे इथली फरसबंदी म्हणजे वसईच्या सरदार घराण्यांची वंशावळच आहे. डॉमिनिकनांचं सेंट गोन्सालो १५८३ मधलं. लांबलचक दालन आणि उंच मनोरा. नावावरून गोंधळू नका: हे गोन्सालो म्हणजे पोर्तुगालमधले आमारांतचे डॉमिनिकन संत, वसईचे गार्सिया नव्हेत. मार्गदर्शकसुद्धा इथे चुकतात. ऑगस्टिनियन सोळाव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यांच्या चर्चचे अवशेष या तिघांच्या मानाने कमी बोलके आहेत.

भिंतीतली भोकं वाचायला शिका. वसईत सर्वांत जास्त माहिती तीच देतात, आणि लोक त्यांच्याकडेच पाहत नाहीत. भिंतभर, ठरावीक अंतराने, वरपर्यंत गेलेली लहान चौकोनी भोकं म्हणजे परांचीची. बांधताना त्यांत आडवे वासे अडकवून गवंडी वर चढत गेले. काम संपल्यावर ती गिलाव्याखाली गेली आणि गिलावा पडल्यावर पुन्हा उघडी झाली. त्यांना गोळ्यांच्या खुणा समजू नये. एकाच पातळीत, एकाच ओळीत, मोठी आणि खोल खोबणी दिसली तर तिथे मजल्याच्या तुळया होत्या. चर्चच्या आत, दाराच्या वरच्या बाजूला अशी ओळ असेल तर तो ‘कोर’, म्हणजे गायकांचा सज्जा. सज्जा दगडी असेल तर त्याजागी दोन्ही भिंतींना टेकलेली रुंद, चपटी कमान दिसते. मठाच्या भागात अशा ओळी मोजल्या की मजले कळतात. आणि दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगाला, वर, दोन तिरक्या रेषा एकमेकींना भेटताना दिसल्या तर ती गेलेल्या छपराची रेघ. त्या रेघेच्या आतला गिलावा सहसा वेगळा असतो, कारण तो पावसापासून वाचलेला होता.

थडग्यांवरचे लेख भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा, ऊन तिरकं पडतं आणि अक्षरांना सावली येते. छायेतल्या दगडावर बॅटरी जमिनीलगत, बाजूने धरा आणि फोटो वरून काढा; एकाच दगडाचे चारही बाजूंच्या उजेडात चार फोटो घेतले तर बहुतेक अक्षरं सुटतात. खडू, पीठ किंवा रंग भरू नका; त्यातले कण रंध्रांत बसतात आणि पुढच्या माणसाला लेख आणखी अवघड होतो. अक्षरं रोमन मोठ्या लिपीतली, पण ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, आणि शब्द जोडून, मधली अक्षरं गाळून लिहिलेले असतात. दोन-तीन ठरलेले शब्द ओळखले की काम होतं: ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावा घेत आहे, ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, आणि ‘एर्देइरुस’ म्हणजे वारस. हा शेवटचा शब्द दिसला तर थडगं एका व्यक्तीचं नाही, घराण्याचं आहे.

दगडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. भिंती दोन बाजूंनी रचलेल्या आणि मध्ये चुना-डबराची भर घातलेल्या आहेत. कोपरे, चौकटी, खांब तेवढे घडीव. आपला काळा दगड कठीण, पाणी न पिणारा. म्हणून वसईत कोरीव काम चार शतकं उघड्यावर राहूनही वाचता येतं. या दगडाची कीर्ती तेव्हाही होती. जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकेची बांधणी जांभ्या चिऱ्यांची, पण तिच्या दर्शनी भागाच्या कोरीव कामाचा दगड वसईहून समुद्रमार्गे नेलेला आहे. ते काम १५९४ ते १६०५ मधलं. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला गेला आणि जांभा उघडा पडला. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. त्यामुळे गिलावा पुन्हा द्यावा ही मागणी अगदी रास्त आहे. वसईच्या अवशेषांचं दुखणं वेगळं: इथे दगड झिजत नाही, दगडांमधला चुना धुपतो.

छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. पाणी वरून मधल्या भरावात उतरतं, चुना विरघळवून नेतं, आतली भर बसते आणि दोन बाजूंचे थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून आधी फुगवटा दिसतो, मग एक दिवस अख्खा पापुद्रा खाली येतो. शिवाय तुळया भिंतींना दोरीसारख्या बांधून ठेवत. त्या गेल्यावर उंच दर्शनी भिंत एकटी वाऱ्याला तोंड देते. म्हणून अवशेष जपायचे तर पहिलं काम माथ्याचं: सुटे दगड पुन्हा बसवून वर चुन्याचा कोबा, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार, कुठेही पाणी साचू नये असा.

दुसरा शत्रू पिंपळ आणि वड. उपटायचा मोह कधीही करू नये; मूळ भिंतीच्या आत फांद्यांइतकं पसरलेलं असतं आणि ओढलं की दगड घेऊन येतं. बुंधा भिंतीपासून थोडा ठेवून कापायचा, त्याच दिवशी ताज्या कापावर मूळ मारणारं औषध भरायचं, पूर्ण वाळेपर्यंत एखादा मोसम थांबायचं, मग मूळ तुकड्यांनी काढून पोकळी पातळ चुन्याने भरायची. वरचेवर नुसती छाटणी केली तर मूळ अधिक जाड होतं. पालिकेच्या, देवस्थानांच्या कितीतरी भिंती अशाच फुटल्या आहेत.

तिसरा शत्रू सिमेंट. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सांध्यात सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती दगडाच्या कडेने निघते, खारं पाणी वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि लोणा लागतो, म्हणजे पृष्ठभागाचा भुगा सुटतो. समुद्रकाठी हे जास्त वेगाने होतं. दोन वर्षं काम छान दिसतं, मग सिमेंटची पट्टी जशीच्या तशी राहते आणि शेजारचा जुना चुना भुकटी होऊन पडतो.

किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे बाहेरच्या कुणी खिळाही ठोकू नये. तटाबाहेर १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा असतो. पण वसई-विरार पट्ट्यात जुने खुरीस (क्रूस), बावखलांचे (गोड्या पाण्याच्या तळ्यांचे) काठ, चुन्यातली घरं पुष्कळ आहेत, आणि ती जपणं गावाच्याच हातात आहे. त्यांच्यासाठी सांध्यांची कृती अशी. कळीचा चुना विरवून किमान महिनाभर, जमल्यास तीन महिने पाण्याखाली ठेवा. वाळू नदीची, धुतलेली. खाडीची किंवा किनाऱ्याची नको, मीठ येतं. एक भाग चुना, तीन भाग वाळू. सतत ओल असलेल्या जागी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची, चाळलेली. चुन्याच्या घाण्यात किंवा यंत्रात मळून रात्रभर मुरू द्या. जुना सांधा किमान इंचभर खोल खरवडा, छिन्नी-हातोडीने, कटर लावू नका. ब्रशने धूळ काढा, पाणी मारा, पाणी निथळल्यावर चुना दाबून भरा आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. मग ओलं गोणपाट बांधून १० ते १५ दिवस रोज पाणी. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा. मे महिन्यात चुना घट्ट व्हायच्या आधी वाळतो आणि पांढरी भुकटी उरते. पावसात तो धुऊन जातो.

शेवटचं, घंटांचं. किल्ल्यातले मनोरे रिकामे का, हा प्रश्न छपरांइतकाच विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मात्र खरोखर लढाईतच आहे. वसईच्या मोहिमेतून मराठ्यांनी चर्चच्या घंटा विजयचिन्हं म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची, भीमाशंकरची, पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा पाहा. आपली देवळातली घंटा आत टोल असलेली, हाताने ओढायची, तुलनेने छोटी. या युरोपीय घंटा जाड, खाली एकदम पसरलेल्या, माथ्यावर टांगायच्या कड्या असलेल्या, आणि अंगावर साल, क्रूस, कधी मारिया आणि बाळ येशूची आकृती. मेणवलीच्या घंटेवर ती आकृती स्वच्छ दिसते. ओतीव साल १७३९ च्या आधीचं असलंच पाहिजे. नंतरचं असेल तर ती घंटा वसईची म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी मानू नये.